गार्ड काय सांगत होता

वडिवळे,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. हनुमंतदादास,
शकूचा जय भीम.

तू ह्यांच्या पुण्यानुमोदनाला आलास तवा बोलणं काय झालंच न्हाई. मंडपात माणसं लय, आणि तुझ्या कानाशी ओरडून मी काय काय सांगणार. तुझे कान गेल्यापासून आपलं हे पत्रांचंच चालू हाये, तर पत्रातच सांगती. पोराच्या, आकाशच्या मोबाईलवर लिहिलं की अख्खं घर वाचतं.

त्या दिवशी काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसंल. हे संध्याकाळी कान्हे गावाला निघालते. रेल्वेत ह्यांच्या गँगमधी होते त्या बाजीरावांच्या लेकीची हळद होती, रात्री तितंच मुक्काम. जाता जाता म्हणले, खाचरात भाताचे भारे रचलेत तितं गुरं शिरली का बघतो आणि तसाच रस्त्याला लागतो. त्यामुळं मी काय वाट बघत नव्हते. बरोबर गार्ड होता. तुला ठाऊकच हाये, गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो तसं हे कुत्रं कायम ह्यांच्या मागं, म्हणून तर ह्यांनी नाव ठेवलं.

दिवेलागणीला गार्ड एकटाच परत आला. मला वाटलं, ह्यांनी रस्त्यावरनं माघारी हाकलला असंल. पाय चिखलानं भरलेले. दारात उभा राहून असा बारीक सूर काढायला लागला की माझ्या अंगावर काटाच आला. भाकरी टाकली तर वास बी घेतला न्हाई. माझा पदर दातात धरला. पार फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, परत तोच सूर. शेजारची नंदाबाई काठी घेऊन आली. म्हणली, दिवेलागणीला दारात कुत्रं रडतंय आणि तू काय बघत बसलीस, हाकल आधी. मी चप्पल दारात उलटी टाकली, तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर फेकलं. गेला. परत आला. मग नंदाबाईनं धोंडा मारला, तवा गेला तो आलाच न्हाई.

सकाळी नंदाबाईचा मालक हौशीराम वैरणीला गेला तर हे मोठ्या बांधाखाली पडलेले, आणि कुत्रं शेजारी बसलेलं. डॉक्टर म्हणले डोक्याला मार लागून जागच्या जागी गेले, कळलं बी नसंल. आकाशनं मला तसंच सांगितलं. तेवढंच समाधान.

आता बघ, ते रडलं आणि ते खरं झालं. तू हसशील. पण झालं का न्हाई?

दादा, एक विचारायचं हाये. धरणावरच्या बंगल्यात मुंबईची एक बाई येती. ती परवा भेटायला आलती. बरी हाये बाई, पण आल्या आल्या माझ्याकडं सोडून गार्डलाच कुरवाळत बसली. हिंदीत, इंग्रजीत काय काय बोलत होती. म्हणली, त्या संध्याकाळी मी गच्चीवरनं ऐकलं, बिचारा व्हाइन करत होता. नंदाबाईला वाटलं दारूचं काय तरी बोलती. सुनेनं, रुपालीनं मोबाईलमधी बघितलं, तर मोबाईल म्हणतो कुरकुर करणं. आता कुरकुर सून करती, सासू करती, कुत्रं कसं करील? त्या बाईनं तो शब्द लय वाईट वाटून म्हणला होता. तवापासनं तो माझ्या डोक्यातनं जात न्हाई. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस. नीट सांग, त्या शब्दाचा अर्थ काय, आणि तो आला कुटनं.

तब्येतीला जप. गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
शकू


लोणावळा,
१ डिसेंबर २०२४

चि. शकूस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दाजींचं असं होईल असं स्वप्नातही नव्हतं. माझ्यापेक्षा धडधाकट माणूस. मी दोन जिने चढलो की धापा टाकतो आणि हा गडी सत्तरीत बांधावरून उड्या मारायचा. मला त्याचा राग येतोय, तुला खरं सांगतो. असं न सांगता जायचं असतं का?

आधी तुला रागावून घेतो. आपल्या आजोबांनी छप्पन्न साली देव्हारा उचलून इंद्रायणीत सोडला, आणि त्यांची नात कुत्रं रडलं म्हणून चप्पल उलटी टाकते. नंदाबाईचं सोड, तिच्या घरात अजून सगळंच चालतं. तू विहारात पुढच्या रांगेत बसणारी बाई. असो. तुझ्यावर एवढा प्रसंग आलाय, जास्त बोलत नाही.

आता तुझा शब्द. अगं, किती दिवसांनी कुणी मला शब्द विचारला. कपाटावरून जाडा कोश काढला, धूळ झटकली, शिंकलो. (शिंक स्वतःला ऐकू आली नाही की ती पुरती आल्यासारखी वाटत नाही, हे तुला सांगून कळणार नाही.) तर ऐक. इंग्रजांकडे कुत्र्याच्या आवाजाला पुष्कळ शब्द आहेत. आपल्याकडेही आहेतच की: भुंकणं, गुरगुरणं, केकाटणं, विव्हळणं. त्यातले त्यांचे काही शब्द आवाजावरूनच पडलेत. कुत्रं जसं बोललं तसं नाव ठेवलं. एक केकाटण्याचा शब्द तर असा आहे की हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ बढाई मारणं असा होता. आज तोच शब्द पायावर पाय पडलेल्या कुत्र्याला लावतात. शब्दांचीही अशी उतरती कळा असते.

पण तुझा हा व्हाइन त्याहून निराळा. तो मुळात कुत्र्याचा नाहीच. जुन्या इंग्रजीत तो बाणाचा होता. धनुष्यातून बाण सुटला की हवेतून सूं करत जातो, त्या बारीक आवाजाला हा शब्द होता. माणसाला नाही, जनावराला नाही, फक्त बाणाला. पुढे शे-दोनशे वर्षांनी कुणाला तरी वाटलं असेल की कुत्रं नाकातून सूर काढतं तो असाच बारीक असतो, लांब जातो आणि येऊन बरोबर लागतो. तेव्हापासून तो कुत्र्याला चिकटला.

मी हे वर्गात कधी शिकवलं नाही. कुणी विचारलंच नाही. पोरांना परीक्षेत येईल तेवढंच हवं असायचं. तू चौथीनंतर शाळा सोडलीस याचं मला आजही वाईट वाटतं.

कागद संपत आला. इथे थंडी बरीच आहे. आकाशला म्हणावं, भाताची झोडणी उरकली की तुला चार दिवस माझ्याकडे आणून सोड.

तुझा,
हनुमंतदादा


वडिवळे,
७ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शकूचा जय भीम.

काल सहा तारखेला विहारात मेणबत्त्या लावल्या, तितनं आले आणि तुझं पत्र परत वाचलं. रुपालीला बी वाचून दाखवलं. बाणाचं लय छान लिहिलंस. पण दादा, तू शब्दाचा जन्म सांगितलास, अर्थ सांगितलाच न्हाईस. भुंकण्याचं सांगितलंस, केकाटण्याचं सांगितलंस, जे विचारलं तितं आल्यावर कागद संपला. तुझे कागद असे कधीपासून संपायला लागले? मागच्या बाजूला तर अर्धं पान कोरं हाये.

मी अडाणी असंन, पण लहानपणी तू आईपासून मार्कं लपवायचास तवा बी असंच दुसरंच काय तरी लांबण लावून सांगायचास.

देव सोडले म्हणतोस. देव सोडले, पर कुत्र्याचं रडणं कुटं सोडलं होतं आपण? आई सुदीक हाकलायची. तू बी हाकललेलं मला याद हाये.

हितं गार्डचं काय खरं न्हाई. रोज खाचराकडं जातो, त्या बांधाखाली बसतो, आणि दिवेलागणीला दारात येऊन परत तोच सूर. पदर धरत न्हाई आता, नुसता उभा राहतो माझ्याकडं बघत. मी टीव्ही मोठा करती. वाडीतली माणसं आकाशला म्हणायला लागलीत, हे कुत्रं अजून कुणाला तरी नेणार. नंदाबाईच्या नातवाला, समर्थला ताप आला तर ती आमच्या दारात येऊन मला बोलून गेली. मला त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई. ह्यांना नेलं आणि वर माझ्याकडं बघतो, असं वाटतं. मग वाटतं, ह्यांचा एवढा लाडका, ह्यांच्या ताटात जेवायचा. मग लय रडू येतं.

म्हणून म्हणती, सरळ सांग. ते रडत होतं का दुसरं काय करत होतं? एका शब्दात सांग.

तुझी,
शकू


लोणावळा,
१३ डिसेंबर २०२४

चि. शकूस,
अनेक आशीर्वाद.

एका शब्दात सांगायचं तर रडणं. कोशात तसंच दिलंय. दुःखाने बारीक आवाजात रडणं. झालं समाधान? जनावराला आधी काही कळतं, न कळतं, या भानगडीत मी पडत नाही.

त्यात त्या कुत्र्याचा दोष नाही. त्याचा धनी गेला, ते रडणारच. त्याला घरातून काढू नका. वाडीतल्या लोकांचा फारच जाच होत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवून द्या. माझ्या सोसायटीत कुत्र्यांना परवानगी नाही, पण सेक्रेटरी माझा विद्यार्थी आहे, तो काय करणार आहे? आणि मला तर त्याचा कसलाच त्रास नाही. त्याने रात्रभर सूर लावला तरी मी झोपलेला. तुझी वहिनी गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही, तेवढीच सोबत.

आकाशला सांग, त्याने गाडीत घालून आणावं. मी त्याला मोबाईलवरही लिहिलंय.

जास्त विचार करत बसू नकोस. जेवत जा.

तुझा,
दादा


वडिवळे,
२२ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शकूचा जय भीम.

पत्र मिळालं. आता कसं सरळ सांगितलंस. तुझ्या इंग्रजीनं बी तेच सांगितलं म्हणल्यावर माझी खात्री पटली. इतके दिवस मन खात होतं, कशानं ते तुला सांगत न्हाई, पर आता बरं वाटलं. नंदाबाईला बी सांगितलं, दादा म्हणतो ते रडणंच होतं, कोशात लिहिलंय. ती म्हणली, बघ, मी काय सांगत होते.

कुत्रं तुझ्याकडं पाठवायचं न्हाई. तू म्हातारा, एकटा, दोन जिन्यांवर राहतोस, कान न्हाईत. ज्याच्या रडण्यानं हितलं घर उठलं ते मी माझ्या भावाच्या दारात कसं पाठवीन? तुला काय झालं तर मला कुटलं माहेर राहील? तू ह्यात काय बोलू नकोस. आकाशला बी मी तेच सांगितलं.

आकाश म्हणतो, नव्या वर्षात कंपनीला दोन दिवस सुट्टी टाकतो आणि लांब नेऊन सोडतो. जितं माणसं खायला घालतील अशा जागी. मी हो म्हणलं. रुपाली दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. बोलंल.

मला काय आनंद होतोय का दादा? त्याला पिल्लू असताना ह्यांनी रुळावरनं उचलून आणलं, टिफिनच्या पिशवीत घालून. मी तवा बोंबलले होते, मग मीच दूध पाजलं. पर रोज दिवेलागणीला तो सूर ऐकला की माझा जीव जायला होतो. तू ऐकला असतास तर तुला कळलं असतं.

तीळ धाडून देती आकाशबरोबर, संक्रांतीला कर काय तरी.

तुझी,
शकू


लोणावळा,
२७ डिसेंबर २०२४

शकू,

हे पत्र नीट बसून वाच. रुपालीला जवळ बसव.

मी तुला खोटं लिहिलं. तो शब्द म्हणजे रडणं नव्हे. म्हणजे माणसाच्या बाबतीत म्हणतात तसं, पण कुत्र्याच्या बाबतीत नाही. कुत्रं मान वर करून, हेल काढून, एका जागी बसून रडतं, त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे. आपल्याकडे अशुभ म्हणतात ते त्या रडण्याला. व्हाइन म्हणजे कुत्रं तोंड मिटून, नाकातून बारीक सूर काढून माणसाकडे काहीतरी मागतं ते. दार उघड म्हणून. भूक लागली म्हणून. माझ्याबरोबर चल म्हणून. हा आवाज ते माणसाच्या तोंडाकडे बघून करतं, कारण माणूस त्याचं ऐकेल असा त्याला भरवसा असतो.

तू पहिल्याच पत्रात सगळं लिहिलं होतंस. त्याने भाकरी घेतली नाही, पदर धरला, फाटकापर्यंत गेला, परत आला. मला ते वाचतानाच कळलं. माझे कान गेले तरी गावातली कुत्री मला आठवतात. वासरू विहिरीत पडलं तेव्हा सखाराम काकांची कुत्री आपल्या अंगणात येऊन अशीच करत होती. तू तेव्हा फार लहान होतीस.

म्हणून मी तुला बाणाच्या गोष्टी सांगितल्या. मला वाटलं तुझं तेवढ्यावर भागेल.

अजून एक आहे, आणि ते मी लिहू नये म्हणून आकाशने माझ्यापुढे हात जोडले होते. दाजी जागच्या जागी गेले नाहीत. कंबरेचं हाड मोडलं होतं, उठता येत नव्हतं. डॉक्टरांनी आकाशला सांगितलं की ते बऱ्याच रात्रीपर्यंत होते, थंडीने गेले. आकाशने मला मोबाईलवर लिहिलं आणि खाली लिहिलं, मामा, आईला कळलं तर ती जगायची नाही. मलाही तसंच वाटलं. मला आजही तसंच वाटतंय.

पण तू लिहिलंस की माझ्या सांगण्यावरून तुझी खात्री पटली आणि तू आकाशला हो म्हणालीस. मी तुला वाचवायला जे लिहिलं त्याने त्या मुक्या जनावरावर शिक्का बसला. त्याने कुणाला नेलं नाही, शकू. दाजींना वाचवायला या जगात त्या संध्याकाळी एकटं तेच धावत होतं. त्याला घरातून काढू नकोस. दाजींच्या खातर नको, त्याच्या खातर काढू नकोस.

तुला काय वाटेल ते मला बोल. पण तूही काही मुद्दाम केलं नाहीस. आपल्या आईनेही तेच केलं असतं, मीही केलं असतं. आपल्याला लहानपणापासून त्या आवाजाचा एकच अर्थ सांगितलाय.

पत्र मिळताच रुपालीला मला मोबाईलवर दोन शब्द लिहायला सांग. मी वाट बघतोय.

तुझा,
हनुमंत


वडिवळे,
१२ जानेवारी २०२५

दादा,

तुझं पत्र सात तारखेला आलं. वर तारीख सत्तावीसची, पोस्टाचा शिक्का चार तारखेचा. एवढे दिवस ते कुटं होतं?

मला ठाऊक हाये कुटं होतं. तुझ्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली. तू लहानपणापासून असाच. आईला तार आली होती मामा गेल्याची, ती तू दोन दिवस खिशात घेऊन फिरलास.

गार्डला आकाशनं तीन तारखेला सोडलं.

पत्र वाचलं तवा रुपाली जवळ होती. मी काय पडले न्हाई, बेशुद्ध झाले न्हाई. तुम्हा दोघांना वाटत होतं मी मरीन, तर मी मेले न्हाई. मी उठून आकाशची वाट बघत फाटकात उभी राहिले. तो कंपनीतनं आला, माझं तोंड बघितलं आणि तितंच खाली बसला. एवढा मोठा बाप्या, लहान पोरागत रडला. मी त्याला काय बोलले न्हाई. त्यानं बापाला बघितलं होतं आणि दोन महिने एकट्यानं पोटात ठेवलं होतं. त्याला काय बोलणार.

तुला बोलती. तू मोठा हायेस, तुला बोलायला मला हक्क हाये.

तुझ्या बाणाचं मला लय आवडलं होतं, मी रुपालीला सांगत होते माझा भाऊ किती हुशार. मी तुला विचारलं ते तू खोटं बोलणार न्हाईस म्हणून. नंदाबाईला विचारलं असतं तर तिनं मला जे पायजे तेच सांगितलं असतं. मी अंगावर पाणी फेकलं तवा त्यानं अंग बी झाडलं न्हाई, दादा. तसाच उभा राहिला, पाणी गळत. माझ्या मनात तवाच आलं होतं की ह्याला काय तरी सांगायचं हाये. मनात आलं आणि मी दार लावलं. दोन महिने मी तेवढंच धरून बसले होते. कुणी तरी शहाण्या माणसानं सांगावं, व्हय शकू, तू दार लावलंस तवा हे जिवंत होते. सांगितलं असतंस तर मी त्या कुत्र्याच्या पाया पडले असते. माझं काय व्हायचं ते झालं असतं. पर कुत्रं घरात असतं.

मला तुमी सगळ्यांनी जपलं. मला जपायला पायजे होतं असं कुणी सांगितलं तुमाला?

हे रात्रभर थंडीत पडले होते. गार्ड धोंडा खाऊन त्यांच्यापाशीच परत गेला. म्हणजे ह्यांना कळलं असणार, कुत्रं घरी जाऊन आलं आणि कुणीच आलं न्हाई. मी ह्याच्यापुढं विचार करत न्हाई. केला की हातातलं काम गळतं.

आता ऐक. आकाशनं त्याला तुमच्या लोणावळ्यात सोडलंय, भुशी धरणाच्या रस्त्याला. म्हणला, तितं भज्याच्या टपऱ्या हायेत, फिरायला येणारी माणसं खायला टाकतात. आमी आठ तारखेला गेलो, परत दहाला गेलो. सगळ्या टपऱ्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या. भजी पावसाळ्यात असतात तितं, हे आकाशला बी कळलं न्हाई आणि मला बी सुचलं न्हाई. वाऱ्याबिगर काय नव्हतं. मी घसा बसंपर्यंत हाका मारल्या. एका गुरख्यानं सांगितलं, तांबडं कुत्रं होतं चार दिवस, गाडी आली की उठून बघायचं, मग दिसलं न्हाई.

तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान फाटलेला. गळ्यात काळी दोरी. तू तितंच राहतोस. रोज बाहेर पड आणि शोध. गुडघे दुखत्यात, धाप लागती, मला सांगू नको.

शकू


लोणावळा,
१७ जानेवारी २०२५

चि. शकूस,

तू बोललीस ते सगळं बरोबर आहे. पत्र तांब्याखालीच होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी रोज सकाळी निघतो. रिक्षाने भुशीच्या रस्त्याच्या टोकाला जातो आणि चालत खाली येतो. नौदलाच्या आयएनएस शिवाजीच्या भिंतीपर्यंत गेलो, रायवूडच्या झाडीत गेलो, बाजारामागे जिथे कोंबड्यांची पिसं टाकतात तिथे गेलो. शेवटी स्टेशनवरही गेलो. वाटलं, दाजींबरोबर रुळांवर वाढलेला आहे, कदाचित रूळ ओळखून कामशेतच्या दिशेने निघाला असेल. खांडशीच्या रेल्वे फाटकावरच्या माणसाला कागदावर लिहून विचारलं. त्याने मान हलवली. तो हो म्हणाला की नाही म्हणाला हे कळायला मला पुन्हा लिहून विचारावं लागलं. नाही म्हणाला.

तांबूस कुत्री लोणावळ्यात किती आहेत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. प्रत्येकाचा डावा कान बघतो. मी हाक मारतो, "गार्ड". माझी हाक मला ऐकू येत नाही. रस्त्यावरची माणसं वळून बघतात तेव्हा कळतं की आवाज निघतोय. कुत्री तोंडं उघडतात, मिटतात. कोण भुंकतंय, कोण गुरगुरतंय, कोण काही मागतंय, मला काय कळणार? सगळी सारखीच दिसतात.

आकाशने शोधायला सुट्टी टाकू नये, त्याला कामावर जाऊ दे. तू ये. रविवारची वाट बघू नकोस, पत्र मिळालं की दुसऱ्याच दिवशी सकाळच्या लोकलने ये, मी रोज त्या वेळेला स्टेशनवर उभा राहतो. मला समोरचं दिसतं, पण झाडीतून, पाठीमागून, लांबून तो आवाज देत असेल तर मी तसाच पुढे निघून जाईन.

तुझा,
दादा